आसियाची पुसणी

आसिया मुकादमनं उभ्या आयुष्यात शंभरेक लग्नं बघितली आणि एकाही लग्नात गरम बिर्याणी खाल्ली नाही. बोलावणं नसायचं असं नाही हो. बोलावणं तर हिलाच सगळ्यात आधी. पण बायकांच्या पंगतीला ताटं मांडली जायची तेव्हा हिच्या गळ्यात कॅमेरा आणि डोळा नवरीवर. शेवटी कुणीतरी डबा भरून द्यायचं आणि ही तो पनवेलच्या पटेल मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणून गार खायची. "गरम कशी लागते तेच विसरले," असं सगळ्यांना सांगायची. घरात गॅस होता, पण सांगायला बरं वाटायचं.

तिचं काम असं, की कोकणी मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. निदान जुन्या घरांत तरी नाही. दोन हजार तीन साली तिच्या चुलत बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरला दारातूनच परत धाडलं आणि नवरीचा एकसुद्धा फोटो निघाला नाही. आसिया तेव्हा तेहतीस वर्षांची, नवरा वारून चार वर्षं झालेली, दिवसभर शिवणयंत्रावर वाकून वाकून पाठीचे वाजलेले बारा. पुढच्या लग्नाला तिनं धाकट्या भावाचा, नझीरचा, कुवेतहून आणलेला कॅमेरा मागून नेला. फोटो काही खास नव्हते, निम्म्यांत नवरीचं डोकं कापलेलं. पण नवरी होती, हेच पुष्कळ. तिथून मग तळोज्याहून, उरणहून बोलावणी यायला लागली आणि शिवणयंत्रावर चादर पडली ती पडलीच.

पण फोटो काढणं हा अर्धाच धंदा. खरा धंदा होता शब्दाचा. अल्बम आणि सीडी घरी पोचली की आठ दिवसांत त्या घरातली वडीलधारी बाई आसियाकडे यायची, बहुधा सांदणांचा डबा घेऊन. चहा व्हायचा. मग बाई कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायची. आसिया त्या लग्नाचा फोल्डर काढून टाकायची, मशीनमधली कचऱ्याची टोपली रिकामी करायला घ्यायची, आणि मशीन 'नक्की ना?' विचारायचं तेव्हा शेवटचं बटण ती बाई स्वतःच्या बोटानं दाबायची. मोहल्ल्यात ह्याला पुसणी म्हणायचे. "आता माझ्याकडे तुमचं काही नाही," हे वाक्य आसिया दर पुसणीला म्हणायची, आणि ह्या एका वाक्यावर तिचं घर चालायचं. कॅमेरे काय, पुढे घरोघरी आले. पण आसियाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे.

म्हणून तिचं मशीन कधी दुकानात गेलं नाही. दुकानातला पोरगा मशीन उघडणार, आत लोकांच्या लेकीसुना. छे! दोन हजार आठ साली कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि आख्खं एक लग्न गिळून बसला. नझीर तेव्हा सुट्टीवर होता. त्यानं सगळं साफ करून मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं.

"आपा, ह्याला व्हायरस लागत नाही."

"मग काय लागतं?"

"डोकं लागतं," नझीर म्हणाला आणि चार दिवसांनी कुवेतला निघून गेला. जाताना बजावून गेला, की चालतंय तोवर ह्याला हात लावू नको.

डोकं आसियाकडे होतं, फक्त ते इतके दिवस कुणी मागितलं नव्हतं. एकदा पडद्यावर सगळ्या नवऱ्या हिरव्या दिसायला लागल्या. दोन दिवस ती रंगांच्या सेटिंगमध्ये घुसून बसली, आणि शेवटी निघालं काय, तर पडद्याच्या वायरची एक पिन वाकलेली. भुवया उपटायच्या चिमट्यानं तिनं ती सरळ केली. एकदा पडदा नुसता काळा. एकदा फोटो उघडेचनात, कारण कुणीतरी दुसऱ्याच जातीच्या फाइलीला जेपीजी नाव देऊन ठेवलेलं. तेव्हा ती म्हणाली, बुरखा घातला म्हणून बकरी बाई होत नाही. प्रत्येक दुखणं आणि त्याचा इलाज ती पेन्सिलीनं एका वहीत लिहून ठेवायची. वहीवर नाव घातलं होतं 'दवाखाना'.

ह्या सगळ्या पुसण्यांमध्ये एक पुसणी मात्र तिच्या लक्षात राहिली होती. तळोज्याच्या शरफुद्दीन पटेलांची.

शरफूचाचांची भाताची गिरणी होती आणि घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. दोन हजार नऊमध्ये त्यांच्या नातीचं, हादियाचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या, गाण्यात नवऱ्याकडच्यांची यथेच्छ खिल्ली चालली होती, आणि चाचांची बायको, जुलेखाबी, अशी काही हसली की खांद्यावरचा पदर कुठल्या कुठे गेला. आसियानं बटण दाबलं. पुढे फोटो निवडायला बायका आल्या तेव्हा जुलेखाबी त्या फोटोपाशी थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"मी अशी दिसते व्हय गं?"

"अशाच दिसता चाची. अल्बममध्ये घालू?"

"नको बाय. ह्यांना आवडायचं नाय."

आणि ह्यांना नाहीच आवडलं. आपल्या घरच्या बाईचा एकही फोटो अल्बमात नको, नवरीचे तेवढे ठेवा, असा निरोप आला. पुसणीलाही चाचा स्वतः आले, बायकांवर भरोसा नाही म्हणून. आता गंमत बघा. पुसलं की नाही हे बघायला आलेला माणूस, पण पडद्यावर परक्या बायका, त्या कशा बघायच्या? चाचांनी खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसले. हातात तसबीची माळ.

"झालं?"

"बटण तुम्ही दाबायचं असतं चाचा."

"तूच दाब. माझ्या वतीनं."

आसियानं दाबलं. "झालं चाचा. आता माझ्याकडे तुमचं काही नाही."

"बस," चाचा म्हणाले आणि मागे वळूनही न बघता निघून गेले. आसिया नंतर कित्येक दिवस ह्यावर हसायची, पण मनातून तिला त्याचा अभिमान होता. एवढा कडक माणूस, आणि आपल्याकडे पाठ करून बसला.

दोन वर्षांनी रमजानच्या आधी जुलेखाबी गेली. आसिया भेटायला गेली तेव्हा हादिया तिच्या गळ्यात पडून रडली. घरात आजीचा एकच फोटो होता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती जुलेखाबी आहे की तिचा कुणी भाऊ आहे हे सांगता आलं नसतं. "खाला, तुमच्याकडे एखादा राहिला असेल ना? हळदीतला?" आसिया म्हणाली, "नाही गं बेटा. सगळे पुसले. तुझ्या आजोबांच्या समोर." बाहेरच्या खोलीत चाचा बसले होते. त्यांनी ऐकलं.

हे झालं जुलैमध्ये. पुढच्या जानेवारीत, दोन हजार बारा साली, मोहल्ल्यातल्याच आयत नावाच्या मुलीच्या लग्नाचं काम आसियानं केलं. अकराशे फोटो. गुरुवारी आयतची आई आणि मावशी निवडायला येणार, म्हणजे पडद्यावर सगळे फोटो बारीक बारीक मांडलेले हवेत, भाजीवाल्याच्या टोपलीसारखे, बघा आणि उचला. आणि मंगळवारी बघते तर टोपली रिकामी. फोटोच्या जागी नुसती कोऱ्या कागदाची चित्रं. एखाद्यावर दोनदा टिचकी मारली तर फोटो उघडायचा, अगदी झकास उघडायचा. पण ते म्हातारं मशीन एकेक उघडायला दहा दहा सेकंद घेणार. अकराशे फोटो असे दाखवायचे तर आयतचं पहिलं मूल चालायला लागलं असतं.

तिनं मशीन बंद करून चालू केलं. वायर काढून लावली. 'दवाखाना' उघडला, त्यात हे दुखणं नव्हतं. मग नझीरला फोन.

"आपा, मला पडद्याचा फोटो काढून पाठव, बघतो."

"वेडा की काय? लोकांची पोर आहे ती!"

"अगं, पण ती दिसत नाहीये म्हणून तर फोन केलास ना? जे दिसतच नाही ते मला दाखवायला काय हरकत?"

आसियाला हे क्षणभर पटलं. मग नाही पटलं. "तू तोंडी सांग," ती म्हणाली.

नझीरनं कपाळावर हात मारला असणार, पण तोंडी सांगितलं. फोटो मशीनमध्ये भरताना मध्ये काही तुटलं का? तुटलं होतं, वीज गेली होती, मग तिनं सगळे परत भरले. तर मग झालं असं असणार: मशीन प्रत्येक फोटोची एक छोटी नक्कल करून ठेवतं, तीच आपल्याला रांगेत दिसते. पहिल्या वेळी फोटो अर्धवट होते, नक्कल जमली नाही, तेव्हा मशीननं त्यांच्यावर नापासाचा शिक्का मारला. आणि हा मास्तर असा खडूस, की एकदा नापास म्हणजे परत पेपर तपासतच नाही. तो शिक्क्यांचा फोल्डर उडवायचा.

"कुठे आहे?"

"लपलेला आहे. कंट्रोल आणि एच दाब."

तिनं दाबलं. आणि चार वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेल्या जागेत डझनभर नवे फोल्डर उगवले, नावाआधी टिंब असलेले. त्यातल्या एकात तीन पोटफोल्डर. एक नापासांचा. तिनं तो उडवला, बाहेर पडून परत आत आली, आणि आयत दिसायला लागली: मेंदीतली, पिवळ्या ओढणीतली, खाताना, रडताना, एकेक करून सगळी. आसियानं 'दवाखान्या'त लिहून घेतलं. नझीरला दुवा दिली.

तिथेच उठली असती तर बरं झालं असतं. पण बाईला सवय, की डबा उघडला तर तळापर्यंत बघायचं. उरलेल्या दोनपैकी एक फोल्डर रिकामा निघाला, दुसरा तिनं उघडला.

चेहरे. बोटाच्या पेराएवढाले चेहरे, पडदाभर, खाली सरकवेल तितके. उरणची नवरी, जिची सासू बटण दाबताना तीनदा बिस्मिल्ला म्हणाली होती. सुकापूरच्या दोन जुळ्या बहिणी. न्हाणीघराच्या दारात केस पुसणारी एक पोर, जिचा फोटो चुकून निघाला होता म्हणून आसियानं माफी मागून पुसला होता. कुणीच गेलं नव्हतं. चार वर्षांच्या सगळ्या पुसण्या एका टिंबामागे जशाच्या तशा बसल्या होत्या. तिनं उठून आधी दाराची कडी लावली आणि मग परत फोन केला.

"ते राहतंच गं," नझीर म्हणाला. "मूळ फोटो गेला तरी नक्कल तिथेच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? आणि एवढं काय त्यात? आत्ता उडव सगळं. कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, नझीर. मला कळलंय ना," आसिया म्हणाली, आणि इतक्या जोरात, की कुवेतमध्ये त्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

गुरुवारी बायका आल्या, हसतखिदळत फोटो निवडून गेल्या. आसियानं चहा केला, त्यात साखर घालायची राहिली. शुक्रवारी दुपारी ती मशीनसमोर बसली आणि नकला उडवायला घेतल्या. एकदम सगळ्या उडवता आल्या असत्या, पण ती एकेक लग्न निवडून उडवत गेली, मनात प्रत्येक घरची माफी मागत. नकलांना नावं नसतात, नुसते आकडे आणि अक्षरं, चेहऱ्यांवरूनच ओळखायचं. आणि मग हादियाची हळद आली. हळदीच्या मधोमध जुलेखाबी, तोंड उघडं, डोळे मिटलेले, पदर खांद्याखाली.

आसियाला रडू फुटलं. उडवायचा, तर ती म्हातारी दुसऱ्यांदा मरणार आणि ह्या वेळी मारणारी आपण. ठेवायचा, तर तळोज्याला जाऊन सांगायचं, की चाचा, तुम्ही पाठ करून बसलात आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. चुकून का होईना, खोटंच. आणि शरफूचाचांना सांगितलं म्हणजे चार गावांना सांगितलं. मग उद्या कोण बोलावणार? परत शिवणयंत्र. तिनं चादरीखालच्या त्या यंत्राकडे बघितलं. हादियाची हळद तिनं उडवली, ती एक नक्कल सोडून.

रविवारी ती तळोज्याला गेली आणि बसल्या बसल्याच सांगून टाकलं. मूळ फोटो गेले, पण मशीननं नकला ठेवल्या, मला ठाऊक नव्हतं, आता सगळ्या उडवल्या, चाचींची एक तेवढी उडवली नाही. चाचा तसबी ओढत ऐकत होते. मणी थांबले.

"म्हंजे दोन वर्सं माझ्या घरच्या बाया तुझ्याकडं होत्या."

"होत्या चाचा."

"आनि मी तुझ्या शब्दावर घरी आलो."

चाचांनी तसबी खिशात टाकली.

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग सांग. मी सांगायच्या आधी तू सांग. जा आता." फोटोबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

आसियानं सांगितलं. आठवडाभर फोन आणि रिक्षा. काहींना काही कळलंच नाही, त्या म्हणाल्या, पुसलंस ना आता, मग झालं. उरणच्या सासूनं फोनवर असे वाभाडे काढले की आसियानं फोन कानापासून हातभर लांब धरला. मार्चमधली दोन लग्नं ठरलेली होती, दोन्ही घरांनी नको म्हणून कळवलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. शिवणयंत्रावरची चादर तिनं काढली, सुईत दोरा ओवून बघितला.

पुढच्या सोमवारी दारात शरफूचाचा. एकटे. हातात सांदणांचा डबा, हादियानं दिलेला.

"दाखव," ते म्हणाले.

पडद्यावर ती एकच होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी. चाचा ह्या वेळी समोर बसले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"मोठा कर."

आसियानं मोठा केला. जुलेखाबीच्या जागी नुसते चौकोन झाले, तपकिरी आणि पिवळे.

"नाय, नाय! होती तशी कर."

"नक्कल आहे चाचा, मोठी केली की फुटते."

"मग ऱ्हाऊ दे. मीच पुढं येतो." आणि त्यांनी खुर्ची ओढली, आणखी ओढली, काचेला नाक टेकेपर्यंत.

"ही अशी हसायची?"

"त्या दिवशी हसल्या."

"माझ्यासमोर कदी नाय हसली. पदर लावायची तोंडाला." चाचा अजून काचेपाशीच होते. "मीच सांगितलेलं, लग्नाच्या पहिल्या सालात. बाईनं दात दाखवू नये म्हनून. पन्नास वर्सं पाळलंन तिनं."

आसियानं तो फोटो छापून दिला, आहे तेवढाच. चाचांनी तो खिशातल्या डायरीत ठेवला, डायरीला रबर लावला. आता जातील असं तिला वाटलं, तर ते परत खुर्चीत बसले.

"आता पूस."

"हा पण?"

"करार तो करार. परक्याच्या घरात कशाला ऱ्हाईल ती?"

आसियानं माउस हातात घेतला. "ह्या वेळी तुम्ही बघा चाचा. लपलेलं सगळं उघडून दाखवते. बटण पण तुम्हीच दाबा."

चाचांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग उठले, खुर्ची फिरवली आणि दोन वर्षांपूर्वीसारखेच पडद्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. तसबी काढली.

"मी बघून काय करू? मला काय कळतंय त्यातलं? तू सांग."

आसियानं ती नक्कल उडवली. टिंबामागचा फोल्डर उघडून बघितला, कचऱ्याची टोपली रिकामी केली, परत एकदा सगळं उघडून बघितलं. ह्याला वेळ लागला. चाचा मागे वळले नाहीत.

"झालं?"

"झालं चाचा," आसिया म्हणाली. "आता माझ्याकडे तुमचं काही नाही."

"बस," चाचा म्हणाले, आणि उठता उठता डबा रिकामा करून द्यायला सांगितलं, कारण हादियाला तो परत हवा होता.